एकाच केबलवर आठ एनर्जी मीटर: ईएसपी३२ आणि आरएस-४८५

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टी, सँड मिक्सर, कॉम्प्रेसर अशा प्रत्येकाला वेगळा एनर्जी मीटर बसवलाय आणि सगळ्यांचे आकडे एका ईएसपी३२ वर (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर) हवेत, तर आय-टू-सी डोक्यातून काढून टाका. ती बस, म्हणजे सगळ्यांची सामायिक तारजोडणी, एका बोर्डावरच्या चिपांसाठी आहे, तिची ४०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची मर्यादा लांब केबल लगेच ओलांडते. शेडमध्ये लांब केबलसाठीची आरएस-४८५ बस घ्या आणि तिच्यावर मॉडबस आरटीयू (मीटरला प्रश्न विचारून उत्तर घेण्याची ठरलेली भाषा) चालवा.

सामान थोडंच लागतं: ईएसपी३२, मॅक्स३४८५ चं मॉड्यूल (ईएसपी३२ ला आरएस-४८५ शी जोडणारी ३.३ व्होल्टची चिप), दोन जोड्यांची शील्डेड ट्विस्टेड केबल, १२० ओहमचे दोन आणि ३९० ओहमचे दोन रेझिस्टर. स्वस्तातलं मॅक्स४८५ सहज मिळतं, पण ते ५ व्होल्टवर चालतं आणि त्याची आरओ (आलेला डेटा देणारी) पिन तेच ५ व्होल्ट ईएसपी३२ च्या पिनवर टाकते. ती पिन ३.३ व्होल्टचीच आहे.

मॉड्यूलची आरओ पिन ईएसपी३२ च्या जीपीआयओ १६ ला, डीआय (पाठवायचा डेटा घेणारी) १७ ला, डीई आणि आरई (पाठवणं आणि ऐकणं चालू-बंद करणाऱ्या) एकत्र करून ४ ला जोडा. पीएसरॅम (जादा मेमरी) असलेल्या ईएसपी३२-रोव्हर (WROVER) मॉड्यूलमध्ये १६-१७ आतच वापरलेल्या असतात, तिथे २५ आणि २६ घ्या.

मीटर पॅनेलमध्ये बसवण्याआधी टेबलावर एकेक करून पत्ता (बसवरचा ओळख क्रमांक) द्या. नवे मीटर बहुधा सगळेच पत्ता १ घेऊन येतात. एकाच पत्त्याचे दोघे बसवर असले की दोघेही एकदम उत्तर देतात आणि हाती फक्त सीआरसी (संदेशाच्या शेवटचा तपासणी आकडा) एरर येते. १ ते २४७ मधला वेगळा पत्ता, ९६०० बॉड (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडणाऱ्या बिटची सेटिंग) सगळीकडे सारखी. पत्ता मीटरवर मार्करने लिहून ठेवा.

आता वायरिंग, कारण बस बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच. केबल पहिल्या मीटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळीने न्या. मधल्या जंक्शन बॉक्समधून आठ फांद्या काढल्या तर प्रत्येक फांदीच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो. एका जोडीवर ए आणि बी (आरएस-४८५ च्या दोन सिग्नल तारा), दुसऱ्या जोडीची एक तार कॉमन ग्राउंडला. ही तिसरी तार लोक वाचवतात आणि तिथेच फसतात: दोन पॅनेलांच्या ग्राउंडमधल्या फरकामुळे ए-बी चं व्होल्टेज चिपच्या ग्राउंडच्या मानाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेर गेलं की चिप ऐकत नाही, कधी जळतेही. शील्डला एकाच टोकाला अर्थिंग द्या. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून फूटभर लांब राहा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

१२० ओहमचा रेझिस्टर ए आणि बी मध्ये, केबलच्या फक्त दोन टोकांना. काही मॉड्यूलवर तो आधीच बसवलेला असतो, तोही मोजणीत धरा. सगळं बंद करून ए आणि बी मध्ये मल्टिमीटर लावा. ६० च्या आसपास किंवा थोडं कमी आलं तर ठीक. शंभराच्या वर म्हणजे एका टोकाचा राहिला, ४० च्या जवळ म्हणजे मध्ये कुठेतरी तिसरा आहे.

कोणीच बोलत नसताना ए-बी मध्ये निदान २०० मिलिव्होल्ट हवेत, नाहीतर रिसीव्हरला काहीबाही बाइट दिसतात. ईएसपी३२ कडे ए पासून ३.३ व्होल्टला ३९० ओहम आणि बी पासून ग्राउंडला ३९० ओहम लावा, सुमारे २३५ मिलिव्होल्ट मिळतात. हे संपूर्ण बसवर एकाच जागी. मॉड्यूलवरचे २० हजार ओहमवाले या कामाला पुरत नाहीत, त्यांनी जेमतेम ५-७ मिलिव्होल्ट येतात.

कोडमध्ये डीई वर करा, पाठवा, फ्लश (शेवटचा बाइट बाहेर पडणं) संपेपर्यंत थांबा, मगच डीई खाली. ९६०० ला एक बाइट साधारण १ मिलिसेकंद घेतो. डीई आधी पडली तर शेवटचा सीआरसी तुटतो आणि मीटर मुकाट बसतो. दोन प्रश्नांमध्ये किमान ४ मिलिसेकंद शांतता ठेवा.

मीटरच्या पुस्तिकेतला ४०००१ म्हणजे प्रत्यक्षात रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) ०. व्होल्टेज फ्लोटमध्ये (दोन रजिस्टरांत मावणाऱ्या दशांश आकड्यात) असेल तर २३० व्होल्टला ४३६६ आणि ०००० असे दोन हेक्स शब्द दिसतात. स्क्रीनवर ०.०० आलं तर आधी शब्दांचा क्रम उलटा करून बघा.

एकच मीटर जोडून सुरू करा, उत्तर आलं की पुढचा. पहिलाच गप्प असेल तर ए-बी अदलाबदल करून पाहा. काही कंपन्या नावं उलटी छापतात आणि अदलाबदलीने काही बिघडत नाही. केबल एका शेडमधून दुसऱ्या शेडला उघड्यावरून जात असेल, तर वळीव येण्याआधी दोन्ही टोकांना एसएम७१२ हा सर्ज डायोड ए, बी आणि ग्राउंडमध्ये बसवून घ्या. भट्टीजवळच्या टर्मिनलवर काळी धूळ साचते, तिथे पॅनेलचा दरवाजा आणि केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) घट्ट बंद हवेत.