लाकडी कॉर्निसच्या सांध्यांना उन्हाळ्यात फट पडू नये म्हणून

भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे बसवलेल्या लाकडी कॉर्निसच्या कोपऱ्यात एप्रिल-मेमध्ये फट दिसू लागली की दोष सुताराच्या माथी जातो. मात्र पुष्कळदा लाकूड कसे निवडले आणि कोणत्या महिन्यात बसवले, यातच त्या फटीचे कारण असते. हवेतील ओलाव्यानुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीत मात्र नगण्य बदलते. त्यामुळे पट्टीची लांबी नव्हे, तर रुंदी सांभाळावी लागते.

सागवानाची १०० मिमी रुंद पट्टी, तिच्यातील ओलावा १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्यास, सुमारे २ मिमी आकसते. हा हिशेब वार्षिक वलये रुंद बाजूला समांतर असलेल्या फळीचा आहे. तीच वलये रुंदीला काटकोनात उभी असतील, तर आकसणे जवळपास निम्म्यावर येते. म्हणून वखारीत फळीचे टोक पाहूनच निवड करावी. एकसंध रुंद पट्टीपेक्षा दोन अरुंद पट्ट्या जोडून केलेली नक्षी बरी, कारण हालचाल दोन ठिकाणी विभागली जाते. एमडीएफमध्ये (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डमध्ये) तंतूंची एकच दिशा नसल्याने ते लांबीतही हलते, हे लक्षात ठेवावे.

कोकणात हवा वर्षभर दमट असते, त्यामुळे तिथे हा चढउतार कमी असतो. विदर्भात तो फार मोठा असतो. तरीही कोकणातील वातानुकूलित खोलीचा वेगळा विचार करावा. भर पावसाळ्यात बसवलेले काम उन्हाळ्यात हमखास उघडते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे. तेव्हाही प्लास्टर पूर्ण वाळलेले असावे आणि पट्ट्या, मध्ये चिपा ठेवून, त्याच खोलीत एक-दोन आठवडे रचून ठेवाव्यात. लाकडातील ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाल्यास अंदाजावर विसंबू नये.

बसवण्यापूर्वी पट्टीच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही पॉलिश द्यावे. ओलावा त्याने थांबत नाही, पण सावकाश व दोन्ही बाजूंनी सारखा शिरतो. आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून भिडवण्याची सवय सोडावी: पहिली सरळ भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीच्या आकारात कापून तिच्यावर टेकवावे, म्हणजे रुंदी बदलली तरी फट सहसा डोळ्यांत भरत नाही. लांब भिंतीवरचा जोड तिरका कापून सरसाने चिकटवावा.

पट्टी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांना खिळून टाकली, तर आकसताना ती चिरते. त्याऐवजी भिंत-छताच्या कोनात त्रिकोणी छेदाची रीप प्लग व स्क्रूने पक्की करावी आणि कॉर्निस त्या रिपेवर मधोमध, खिळ्यांच्या एकाच ओळीत ठोकावे. दोन्ही कडा मोकळ्या राहिल्याने एकूण हालचाल त्यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. छताकडची बारीक रेघ पुट्टीने भरू नये, कारण ती तडकते; तिथे रंगवता येणारे लवचिक ॲक्रिलिक सीलंट वापरावे.