टायरला काप मारण्याआधी जमीन बघा

गरम पातं हातात मिळायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी जालन्यातल्या टायरच्या दुकानात मी चाकं खोलली, पंक्चर काढले, ट्रकच्या रिंगा ठोकल्या. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला होता, पण पकड वाढवायला टायरला गरम पात्याने जादा काप मारणं तिथं कुणी शिकवलं नाही. ते उस्तादांच्या शेजारी उकिडवं बसूनच आलं. आता नवीन पोरं विचारत येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, काप दोन जातींचे असतात. एक बारीक चीर, तिच्यात रबर निघत नाही, फक्त बटण, म्हणजे टायरच्या नक्षीतला रबराचा उंच ठोकळा, चिरलं जातं. हिला साईप म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन साईप यांनी 1923 मध्ये बुटांच्या तळव्यांना अशा चिरा पाडण्याचं पेटंट घेतलं, त्यांचंच हे नाव. दुसरी खाच. तिच्यासाठी यू आकाराचं पातं लागतं आणि कुरडईच्या सोऱ्यातून निघावी तशी रबराची लांब सळी बाहेर पडते. दिसायला दोन्ही कापच, पण त्यांचं काम अगदी वेगळं. हे मला नुकसान करून कळलं.

डिसेंबर होता, ऊसतोडीचा हंगाम. अंबडकडचे एक शेतकरी पिकअप घेऊन आले. कालव्याला पाणी सुटलेलं, पाणंद रस्ता ओला, गाडी फडातून निघेना. बर्फात चालणाऱ्या गाड्यांच्या टायरला चिरा मारतात हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. उस्ताद गावाला गेलेले. मी दिवसभर बसून चारही टायरना एकसारख्या सुंदर चिरा मारल्या. आठवड्यात गाडी परत आली. चिरांमध्ये काळी माती सिमेंटसारखी बसली होती, आणि मुरमाच्या रस्त्यावर बटणांचे कोपरे तुटून पडले होते. उस्तादांनी एका बटणावर अंगठा दाबला, ते पानासारखं उलगडलं. म्हणाले, "बाळा, बर्फाला धार लागती, मातीला जागा लागती. तू मातीला धार द्यायलास." त्या टायरचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. ते मी आजवर विसरलेलो नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. बर्फ कठीण असतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. ऑफ-रोड टायरचं बटण मोठं, सपाट, त्यामुळे पकडायला कडा कमी. चीर मारली की एका बटणाच्या चार-पाच कडा होतात, चाक फिरताना त्या किंचित उघडतात, पाणी आत ओढतात आणि बर्फाला चावतात. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. तिथं दोन बटणांमधली जागा रुंद हवी, म्हणजे चाक फिरलं की माती झटकली जाते. बारीक चिरेचा तिथं काही उपयोग नाही, उलट बटण लुळं पडतं. त्या शेतकऱ्यांना उस्तादांनी शेवटी रुंद बटणांचे वापरलेले टायर शोधून दिले आणि सांगितलं, फडात हवा थोडी कमी करा, डांबरीवर येताना परत भरा.

मग चिरा कधी मारायच्या? संभाजीनगरची तीन पोरं थार घेऊन जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला निघाली होती. आपल्याकडे परभणीचा पारा 5 अंशांच्या खाली गेला तरी बातमी होते. तिकडे तो शून्याच्या कितीतरी खाली असतो. त्या गाडीला आम्ही चिरा मारल्या, पण फक्त मधल्या बटणांना. कडेची बटणं सोडली, कारण दगडाचा मार तीच खातात. गेजने बटणाची उंची 14 मिमी भरली, आम्ही चीर 7 मिमीपेक्षा खोल नेली नाही. दोन चिरांमध्ये 7-8 मिमी अंतर, आणि दिशा आडवी, चाकाच्या चालीला काटकोनात. ब्रेक मारल्यावर तीच कड कामाला येते. तरीही उस्तादांनी त्यांना बर्फाच्या साखळ्या घ्यायला लावल्या. काप मारून रबर मऊ होत नाही. 7 अंशांखाली साधं रबर कडक होत जातं, म्हणून थंड मुलखात हिवाळी टायरचं रबरच वेगळं असतं. गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगा, काम हातचं गेलं तरी चालेल. टायर कंपनीची हमी जाऊ शकते, हेही आधीच सांगा.

काही टायरना हात लावायचाच नाही. तळाच्या रबरात खोल खाच फक्त त्याच टायरला मारायची ज्याच्या कडेवर रीग्रूव्हेबल (पुन्हा खाच मारता येणारा) लिहिलंय किंवा यू सारखी खूण आहे. हे बहुतेक ट्रक-बसचे टायर असतात. कारच्या टायरची नक्षी झिजून 1.6 मिमीच्या खुणेला आली की तो बदलायचा. झिजलेल्या टायरला खाच मारून नवा दाखवणारे भेटतील, त्यांच्याकडे काम धरू नका. आत तार उघडी पडली तर पाणी शिरतं, गंज चढतो, आणि टायर फुटतो तो भर वेगात.

हाताचं म्हणाल तर टायर रिंगवर, पूर्ण हवा भरलेला हवा. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. आधी खिळ्याने प्रत्येक खडा काढा, एक खडा पातं मोडतो. पिवळ्या खडूने आखून घ्या. पातं फार तापलं तर धूर होतो आणि कड चिकट होते. कमी तापलं तर रबर ओढलं जातं. बरोबर तापलेलं पातं लोण्यात गेल्यासारखं सरकतं, आवाज येत नाही. शटर उघडं ठेवा, तोंडाला मास्क बांधा, तो धूर छातीला वाईट.

सराव भंगारच्या टायरवर करा. मला उस्तादांनी चाळीस दिले होते. प्रत्येक काप झाला की ते बटण आडवं कापायला लावायचे आणि खोली मोजायचे. सलग दहा बटणांत अर्ध्या मिमीच्या आत फरक आला त्या संध्याकाळी त्यांनी पात्याचा डबा माझ्या फळीवर ठेवला.