हाडाशी जुळणारा टायटॅनियम मिश्रधातू : प्रयोगशाळेतील पहिले बटण कसे तयार करावे

नाशिकमधील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा सातपूर-अंबडमधील कारखान्याच्या प्रयोगशाळेत इम्प्लांटसाठी नवा टायटॅनियम मिश्रधातू घडवायचा असेल, तर आधी ‘सुरक्षित’ या शब्दाचे दोन भाग वेगळे करावेत : धातूतून शरीरात काय झिरपते, आणि धातू हाडापेक्षा किती ताठ आहे. सध्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्यांपैकी व्हॅनेडियमचे आयन प्रयोगशाळेतील पेशींना घातक ठरतात. शिवाय या मिश्रधातूचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे ११० गिगापास्कल असतो, तर हाडाच्या घट्ट बाह्य थराचा १० ते ३०. त्यामुळे बहुतेक भार धातूच पेलतो आणि काम न उरलेले हाड हळूहळू विरळ होते.

सुरुवातीला नायोबियम आणि झिर्कोनियम एवढीच साथ पुरे. ४० ग्रॅमच्या बटणासाठी, म्हणजे भट्टीत वितळवून केलेल्या छोट्या गोल तुकड्यासाठी, २३.२ ग्रॅम टायटॅनियम, १४ ग्रॅम नायोबियम आणि २.८ ग्रॅम झिर्कोनियम घ्यावे. याच कुटुंबातील ५ टक्के टँटॅलम असलेल्या मिश्रधातूचा गुणांक सुमारे ५५ गिगापास्कलपर्यंत उतरतो; परंतु टँटॅलम ३०१७ अंशांना वितळते आणि टायटॅनियम ३२८७ अंशांना उकळू लागते, म्हणजे एक पुरते वितळेपर्यंत दुसरे उडून जाण्याची भीती, म्हणून तो मोह पहिल्या खेपेला टाळलेला बरा.

तुकडे ॲसिटोनने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पृष्ठभागावरील ओलाव्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन थेट धातूत शिरतात. विजेच्या ठिणगीने धातू वितळवणाऱ्या आर्क भट्टीची थाळी तांब्याची असते. तांबट आळीच्या गावाला तांब्याचे कौतुक सांगायला नको, तरीही १०८५ अंशांना वितळणारे तांबे १६६८ अंशांना वितळणारे टायटॅनियम पेलते, ते केवळ खालून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. म्हणून आर्क पेटवण्यापूर्वी पाण्याचा प्रवाह हात लावून तपासावा. निर्वात करून आर्गॉन भरल्यावर शुद्ध टायटॅनियमचा वेगळा तुकडा आधी वितळवावा. तो चकचकीत राहिला तर पुढे जावे. निळसर किंवा राखाडी झाला तर गळती शोधावी. बटण उलटवून किमान सहा वेळा वितळवावे. मी पहिल्या वेळी तिसऱ्या खेपेनंतर थांबलो होतो. बटण आरशासारखे दिसत होते, गुणांकही मनासारखा आला होता. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली न विरघळलेल्या नायोबियमची बेटे उघडी पडली आणि सगळे काम पुन्हा करावे लागले.

त्यानंतर बटण आर्गॉन भरलेल्या क्वार्ट्झ नळीत बंद करून १००० अंशांवर एकजीव करावे आणि थेट पाण्यात विझवावे. ते सावकाश थंड झाले, किंवा पुढे ३०० ते ४०० अंशांत तापले, तर नको असलेल्या प्रावस्था, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेचे भाग, तयार होऊन गुणांक वर चढतो. सूक्ष्मदर्शकाखाली रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग खरवडणाऱ्या एचिंगच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असल्याने, त्याच्या भाजण्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नये.

नमुना कापताना स्टेनलेस स्टीलवर हात बसलेला कारागीरही फसतो, कारण टायटॅनियम उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही आणि ती इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, धारेवरच साचते. वेग कमी ठेवावा, कूलंट भरपूर सोडावे आणि चिप्स वेगळ्या साठवाव्यात. त्या पेटल्यास पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी.

गुणांक अल्ट्रासॉनिक पद्धतीने मोजावा. ताण-चाचणीच्या यंत्राची स्वतःची लवचीकता आकड्यात मिसळते. ऑक्सिजनही तपासून घ्यावा. वैद्यकीय दर्जाच्या प्रचलित मिश्रधातूत त्याची मर्यादा ०.१३ टक्के आहे. मात्र गुणांक उतरला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण कमी ताठ धातूची थकवा-क्षमता, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भार सोसण्याची ताकद, बहुधा कमी पडते, आणि खुब्याच्या दांड्यासारख्या भागाला चाचणीत ५० लाख भारचक्रे सोसावी लागतात. घर्षणाच्या जागी, उदाहरणार्थ सांध्याच्या गोळ्यासाठी, हा धातू वापरूच नये.

पेशी-चाचणीसाठी नमुना ३७ अंशांवर २४ तास द्रवात ठेवून अर्क काढतात. पेशींचे जिवंत राहण्याचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले तर तो विषारी मानला जातो. माणसावरील चाचणीचा टप्पा फार पुढचा आहे, आणि त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार केंद्रीय परवानगी लागते. प्रत्येक बटणाचा अर्धा भाग क्रमांक घालून जपून ठेवावा. पेशी मेल्या तर दोष धातूचा की न धुतल्या गेलेल्या कूलंटचा, हे त्या अर्ध्याची पुन्हा चाचणी केल्याशिवाय ठरवता येत नाही.