कॅक्टस मेला? आधी सांगा, रोज पाणी कोण घालत होतं

'वाळवंटातलं झाड आहे, मरतंय कुठे' म्हणणारेच दोन महिन्यांनी फोटो पाठवतात, खालून पिवळा पडलाय, हाताला मऊ लागतोय, काय करू? रोजचं ते चमचाभर पाणी बंद करा, दुसरं काय. कॅक्टस खोडात पाणी साठवतो, रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतो, तहान लागली तर सुरकुततो आणि पाणी मिळालं की परत फुगतो. कुजलेला नाही फुगत.

मीपण मार खाऊनच शिकलो. सहा वर्षं वाढवलेला मॅमिलॅरिया, म्हणजे छोट्या कॅक्टसचा एक प्रकार, तरी जेमतेम मुठीएवढा. कुंडी बदलताना चारदोन मुळं तुटली आणि मी त्याच संध्याकाळी, फार माया आल्यासारखं, भरभरून पाणी घातलं. वरून महिनाभर हिरवागार. मग एकदा उचलायला गेलो तर टोपी निघावी तसा वरचा भाग हातात, खाली तपकिरी लगदा, आणि तो वास! सुरीने काप काढत वर गेलो, प्रत्येक कापात मधोमध तांबूस ठिपका होताच, सुपारीएवढा उरला तेव्हा नाद सोडला. तेव्हापासून कुंडी बदलली की आठवडाभर पाणी नाही म्हणजे नाही. एरवी तळापर्यंत काडी खुपसायची, कोरडी निघाली तरच पाणी, पण मग खालच्या भोकातून वाहीपर्यंत. अर्धी माती, अर्धी जाड वाळू आणि खडी. मॉइश्चर मीटर घेतलाय, पडलाय कुठेतरी.

दुसरं म्हणजे काटे दिसले की कॅक्टस! काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून, म्हणजे एरिओलमधून, आलेले असतील तरच तो कॅक्टस, नाहीतर बहुतेक युफोर्बिया, म्हणजे कॅक्टससारखं दिसणारं वेगळ्याच कुळातलं झाड. चिकावरून ठरवू नका, काही मॅमिलॅरियालाही पांढरा चीक येतो. युफोर्बियाचा मात्र डोळ्याला लागू देऊ नका.

ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढतो, त्याला कडक ऊन आणि खडखडीत कोरडी माती दोन्ही नको.

शेंडा निमुळता होत चाललाय? उजेड कमी पडतोय. पण लगेच भर उन्हात ठेवलात तर भाजतो, आणि तो डाग जात नाही.

लाल डोक्याचा मून कॅक्टस कलम केलेला असतो, लाल भागात हरितद्रव्य नाही, कापून वेगळा लावलात तर गेला.

आणि खत ओतून घाई करणाऱ्यांनो, सग्वारो, म्हणजे अमेरिकेच्या वाळवंटातला तो उंच कॅक्टस, पहिल्या 8 वर्षांत इंच-दीड इंच वाढतो, फांदी फुटायला बऱ्याचदा 50-75 वर्षं. तुमचा तर अजून वर्षाचाही नाही.