तक्ता आणि स्तंभालेख वाचताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेत तक्त्यावरचा प्रश्न दिसला की हायसं वाटतं, कारण उत्तर समोरच छापलेलं असतं. गुण मात्र तिथेच जातात. बेरीज-वजाबाकी बहुतेकांची बरोबर असते, वाचण्यात घाई होते. नागपूरचेच आकडे घेऊन बघू.

शीर्षक सोडून थेट आकड्यांवर उडी. २०११ च्या जनगणनेत ‘नागपूर’ या नावापुढे तीन आकडे सापडतात. महापालिका हद्द २४,०५,६६५, नागरी समूह (शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती) २४,९७,८७० आणि जिल्हा ४६,५३,५७०. तिन्ही बरोबर आहेत. पण २००१ चा आकडा शहराचा (२०,५२,०६६) आणि २०११ चा जिल्ह्याचा उचलला, तर नागपूर दहा वर्षांत दुपटीहून जास्त फुगलं असं निघतं! हद्द, वर्ष आणि एकक यांखाली आधी पेन्सिलीने रेघ ओढा. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘हजारांत’ लिहिलेलं असतं, तेही यातच आलं.

उभा अक्ष शून्यापासून धरून चालणं. शहराची खरी वाढ सुमारे १७ टक्के. आता याच दोन आकड्यांचा आलेख १९ लाखांपासून सुरू करा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिपटीहून उंच दिसेल. वर्तमानपत्रांतही असे आलेख येतात. जागा वाचवायची होती, हे कारण मला तरी पटत नाही. अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण असेल किंवा पहिला आकडा शून्य नसेल, तर उंचीवरून ‘किती पट’ ठरवू नका. आकडे वाचूनच भागाकार करा.

एकूण आणि प्रमाण यांची गल्लत. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या गडचिरोलीच्या (१०,७२,९४२) साधारण सव्वाचार पट. मग वस्तीही तेवढीच पट दाट? नाही. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किमी, नागपूरचं ९,८९२. म्हणून घनता ७४ विरुद्ध ४७०, म्हणजे सहा पटींहून जास्त. प्रश्नात ‘किती’ विचारलंय की ‘दर चौरस किमी किती’, ते पुन्हा वाचा.

विभाजित स्तंभालेखात, म्हणजे एकाच स्तंभात घटकांचे तुकडे एकावर एक रचलेले असतात तिथे, वरचा तुकडा शून्यापासून सुरू होत नाही. तो ३२ पासून १०० पर्यंत असेल तर त्याची किंमत ६८, शंभर नव्हे.

उत्तर पर्यायांत बसत नसेल, तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी ‘एकूण’ची ओळ चुकून बेरजेत धरली का, ते तपासा.