पूर-उन्हाळ्यासाठी अंग तयार करताय? या चुका टाळा

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तिकडे कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हापासून आमच्या घरी पावसाळ्याआधी टॉर्च, पॉवर बँक, मेणबत्त्या सगळं जमतं. अंगाकडे मात्र माझं लक्ष नव्हतं. एका रात्री गल्लीत पाणी चढलं आणि आजीला पाठीवर घेऊन गच्चीवर जायची वेळ आली. रोज पाच किलोमीटर फिरणारा मी आठव्या पायरीवर थरथरत उभा होतो.

चूक तिथेच होती. सपाट रस्त्यावर रिकाम्या हाताने चालून दम वाढतो, ओझं उचलायची ताकद येत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच, पण निदान दोन दिवस ताकदीचा व्यायामही हवा. त्याला जिम लागत नाही. आमचे आबा म्हणतात तसं, "भो, डंबेल कशाले उचलतो, पोतं उचल ना!" पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून जिना चढा. दोन आठवड्यांत सहज जमलं तर दहा किलो करा. बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पोतं उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, ओझं अंगालगत ठेवा. आणि माणूस उचलायचा झाला तर माझ्यासारखी पाठीवर घ्यायची हौस नको. भक्कम लाकडी खुर्चीत बसवून एकाने पाठीकडून, दुसऱ्याने पुढच्या पायांकडून धरायचं. प्लास्टिकची खुर्ची नकोच, तिचा पाय कधी मोडेल सांगता येत नाही. घरच्यांना घेऊन एकदा तालीम करा. आमच्या तालमीत आजी खुर्चीत बसून हसून हसून दमली, पण जिना पार झाला.

पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारून आठवडाभर लंगडणारेही खूप. मांड्या दोन-तीन दिवस दुखल्या तर घाबरू नका, व्यायाम थोडा कमी करा. सांध्यात कळ आली किंवा गुडघा सुजला तर थांबा. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हाताकडे दुखणं गेलं, घाम फुटला, तर तसंच घरी बसू नका, १०८ ला फोन लावा. बीपी, शुगर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता उन्हाचं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काही जण दुपारी तीनला पळायला निघतात, "सवय लागली पाहिजे" म्हणून. सवय लागते, पण दहा-चौदा दिवसांत, सकाळी किंवा संध्याकाळी थोडा थोडा वेळ वाढवत. घाम फार गेल्यावर नुसतं पाणी ढोसत बसू नका, मीठ घातलेलं ताक प्या. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण टोपी-पाण्याला तो पर्याय नाही. कोणी बरळायला लागला, अंग तापलं तर तो उष्माघात. त्याला बळेच पाणी पाजू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ बोलवा.

विहिरीत सूर मारणाऱ्यांची एक वेगळी चूक, पुरातही तसंच पोहता येईल असं त्यांना वाटतं. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं. गिरणा किंवा पांझरेच्या पुरात गुडघाभर वाहतं पाणीही पाय उचलतं. फरशीवरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहतंय, खालचा रस्ता दिसत नाही, तर कितीही पोहता येत असलं तरी मागे फिरा.

रोजच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या बाजूला ठेवा, कोरड्या डब्यात. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवलं तर ते वाया जातं; वीज गेली तर ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या माठात ठेवता येतं, फक्त त्याला पाणी लागू देऊ नका. जुना चष्माही त्याच डब्यात टाका. अंधारात नवा कुठे पडला ते शोधत बसायची वेळ माझ्यावर त्या रात्री आली होती.