डाग: कुठे पडतो, कुठे लागतो आणि कुठे मोडतो

डाग पुल्लिंगी. एक डाग, चार डाग, अनेकवचनात रूप बदलत नाही. प्रत्यय लागला की मात्र 'डागा-' होतं आणि अनेकवचनी अनुस्वार येतो: डागावर लिंबू चोळा, डागांवर लिंबू चोळा. घाईत लिहिताना हा अनुस्वार हमखास राहतो आणि चार डागांचा एकच होऊन बसतो.

क्रियापद नेमकं निवडा. पदार्थ लागतो, खूण पडते. सदऱ्याला हळद लागली, तो धुतला, तरी जे पिवळं उरलं तो डाग पडला. सांगलीत हळदीचं उदाहरण सगळ्यांना पटतं. साबण लावताच तो पिवळा डाग लालसर होतो. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून हळदीचा रंग पालटतो; लिंबाच्या आंबटाने तो पुन्हा पिवळा होतो. म्हणजे इथे डाग 'वाढला' नाही, त्याचा रंग बदलला. उन्हात वाळवल्यावर तो 'फिका पडतो'. पूर्ण नाहीसा झाला तरच 'गेला' म्हणा. नावाच्या बाबतीत मात्र 'लागणे' हेच योग्य: घराण्याच्या नावाला डाग लागला. प्रतिमा 'डागाळते'.

रंगातला प्रत्येक बिघाड म्हणजे डाग नव्हे. डागाला कड असते, भोवतीचा भाग चांगला असतो. तासगावकडे द्राक्षाच्या मण्यावर एक तपकिरी ठिपका दिसला तर तो डाग. रॅकवरचा बेदाणा पावसात सापडून सगळाच गडद झाला तर तो 'काळा पडला'. धुऊन धुऊन साडीचा रंग 'विटतो' किंवा 'उडतो'. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते 'कळकतं'. या तिन्ही ठिकाणी 'डाग पडला' लिहिलं तर वाचणाऱ्याला नुकसान किती झालं ते कळत नाही, आणि व्यवहारात तेच महत्त्वाचं असतं. ज्या फळावर डाग आहे ते 'डागी' फळ. सौद्यात असा माल बाजूला काढून कमी भावाने जातो.

त्वचेसाठी तर आणखी बारकाईने बोलायला हवं. जखम भरल्यावर राहतो तो वण, गालावरचा काळपट पट्टा म्हणजे वांग, पित्ताने अंगावर उठतात त्या गांधी. 'पांढरे डाग' हा शब्द बऱ्याचदा कोडासाठी येतो, पण शिब्यांनीही त्वचेवर फिकट ठिपके दिसतात. दोन्ही वेगळे आहेत, त्यामुळे डॉक्टरांना सांगताना रंग, आकार आणि किती दिवसांपासून आहे हे सांगा. नुसतं 'डाग' सांगून भागत नाही.

सातारा-सांगलीच्या खेड्यांत या शब्दाचा आणखी एक अर्थ घट्ट रुजलेला आहे: दागिना. 'पोरीला दोन डाग केले' म्हणजे दोन दागिने घडवले. 'डाग मोडून विहीर काढली' म्हणजे सोनं विकून पैसा उभा केला. बाहेरून आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. ओळखायची खूण पुन्हा क्रियापदातच आहे: करणे, घालणे, मोडणे, गहाण ठेवणे आलं की डाग सोन्याचा, पडणे, धुणे, निघणे आलं की कपड्याचा.

'देणे' आलं की विस्तव जवळ असतो. जनावराला तापल्या लोखंडाने डाग देतात, चितेला अग्निडाग देतात. 'डागणे' हे क्रियापद त्याच घरातलं, आणि तोफही डागतात. ते सकर्मक असल्याने भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं: त्यांनी तोफ डागली, गोळा डागला.

गळणारं भांडं सांधतात ते मात्र डाखाने. शेवटी ख आहे. 'भांड्याला डाख लावला' असंच लिहा.